सर्व्हर बंद पडल्यावर निर्णय कोण घेणार? मराठवाड्यातील बाजार समित्या, व्यापारी आणि उद्योजक संघटनांना खुले पत्र

प्रति,
मा. सभापती, उपसभापती व संचालक मंडळ, मराठवाड्यातील सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्या,
तसेच जिल्हा व तालुका व्यापारी संघटना, आडत असोसिएशन, दालमिल चालक आणि वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड येथील उद्योजक संघटनांचे सर्व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

सोयाबीनची आवक वाढायच्या आधी आपल्यासमोर एक मागणी ठेवतो आहे. प्रत्येक मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या आवारात, आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीत वर्षातून एकदा, आधी जाहीर करून, इंटरनेट आणि संगणक बंद ठेवा आणि अर्धा दिवस कामकाज चालवून बघा. कुठे अडतं ते लिहून काढा. आणि खरोखर सगळं बंद पडेल त्या दिवशी निर्णय कुणी घ्यायचा, त्या माणसाचं नाव आजच ठरवून ठेवा. मागणी एवढीच आहे, पण तिच्यामागची कारणं नीट मांडल्याशिवाय ती आपल्याला पटणार नाही, म्हणून पत्र जरा लांबलं आहे.

मी लातूर भागात आडत दुकानं, दालमिल आणि छोट्या कारखान्यांची संगणकाची आणि जीएसटीची कामं करतो. काही बंद पडलं की पहिला फोन ज्यांना जातो, त्यांतला मी एक. त्यामुळे बिघाड काय असतो यापेक्षा बिघाडाच्या वेळी माणसं कशी वागतात, हे मी जास्त पाहिलेलं आहे.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका आवारातल्या भुईकाट्याचा, म्हणजे भरलेली गाडी तोलणाऱ्या काट्याचा, संगणक सकाळी उठेना. काटा चांगला होता, समोरच्या डब्यावर वजनाचे आकडे स्वच्छ दिसत होते. फक्त पावती छापणारा संगणक मेला होता. काट्यावरच्या पोराला मी म्हणालो, वजन दिसतंय ना, मग हाताने पावती लिही, खाली गाडीवाल्याची सही घे. तो म्हणाला, "मला तसं कुणी सांगितलं नाही. उद्या फरक निघाला तर माझ्या अंगावर येईल." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. त्याने मालकाला फोन लावला, मालक लग्नात होते, फोन उचलला गेला नाही. मुनीम म्हणाले, थोडं थांबा, मेकॅनिक निघालाय. मेकॅनिक दुसऱ्या तालुक्यात. तोवर ट्रॅक्टर, छोटा हत्ती, आयशर यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेली. आभाळ भरून आलेलं, कट्टे उघडे. गाडीभाडं दिवसावर ठरलेलं, त्यामुळे थांबल्याचा भुर्दंड शेतकऱ्याला. तोलाईच बंद, म्हणून हमाल बसून, त्यांचा रोज बुडाला. दुपारी संगणक सुरू झाला तेव्हा त्या दिवशीचा सौदा निघून गेला होता, आणि बऱ्याच जणांनी माल तिथेच ठेवून रात्र काढली.

त्या दिवशी बिघडलं होतं ते एक जुनं मशीन. त्यापायी अख्खा दिवस गेला, कारण "आता कागदावर चालवा" असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आपल्याकडे नुकसान होतं ते बहुतेक या वाट बघण्यात. सर्व्हर डाऊन झाला की प्रत्येक जण म्हणतो, येईल पाच मिनिटांत. पाचाची वीस होतात, विसाचा तास होतो, आणि मधल्या वेळात कुणीच काही करत नाही, कारण कधीही सुरू होईल असं वाटत असतं. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की वेळेची हद्द ठरवा. अर्धा तास धरा. अर्ध्या तासात यंत्रणा आली नाही, तर ठरलेला माणूस, तो जागेवर नसेल तर त्याच्या खालचा, आणि तोही नसेल तर काट्यावरचा पोरगासुद्धा, कुणालाही न विचारता कागदावर काम सुरू करेल. त्याबद्दल नंतर त्याला कुणी जाब विचारणार नाही, असं संचालक मंडळाने ठराव करून लेखी द्यावं. हा ठराव काट्याच्या खोलीत भिंतीवर लावावा. खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल.

हे संकट गरिबाच्या जुन्या संगणकावरच येतं असं कुणी समजू नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. कंपनीने चूक दीड तासाच्या आत मागे घेतली होती. तरी बंद पडलेले संगणक आपोआप उठले नाहीत, एकेका मशीनसमोर माणूस बसवून ती सदोष फाइल काढावी लागली. अनेक ठिकाणी त्यासाठी जी गुप्त किल्ली टाकायची होती, ती ज्या सर्व्हरवर साठवलेली होती तेच बंद होते. आपल्याकडे हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. लोकांनी त्याचे फोटो काढून गंमत केली. मला मात्र ज्या कर्मचाऱ्याने पेन उचललं त्याचं कौतुक वाटलं, कारण त्यामुळे विमान सुटलं.

याहून मोठा धडा २०१७ चा आहे, आणि त्याचा आपल्या निर्यातदारांशी थेट संबंध आहे. त्या वर्षी जून अखेरीस नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला आणि मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. न्हावाशेवाच्या बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनल बंद पडलं. वाळूज किंवा जालन्याहून कंटेनर जातो तो याच बंदरात. कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. जगभरच्या लॉगिनची मुख्य नोंद ठेवणारे सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते. एक प्रत तेवढी वाचली, ती घानामधल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. आणि त्या दहा दिवसांत कंपनीचं काम किती घटलं? तिच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितलं, फक्त वीस टक्के. बाकीचा माल माणसांनी हाताने, फोनवर, कागदावर नोंदी ठेवून हलवला. एवढी मोठी कंपनी कागदावर दहा दिवस तगते, आणि आपलं आडत दुकान अर्धा दिवस तगू शकत नाही, याचं कारण सरावाशिवाय दुसरं नाही.

आपल्या दारातलं उदाहरण हवं असेल तर ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक यंत्रणा पुरवते. तिच्यावर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पुढे जाऊ नये म्हणून एनपीसीआयने, म्हणजे देशातलं यूपीआय आणि बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेने, तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय आणि एटीएम थांबलं. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. यात त्या बँकांनी काय चूक केली होती? काहीच नाही. त्यांच्या सेवा पुरवठादाराकडे बिघाड झाला, आणि गावातल्या खातेदाराचे पैसे अडकले. म्हणून ज्या व्यापाऱ्याचं सगळं खातं एकाच बँकेत आहे, त्याने दुसऱ्या बँकेत, आणि शक्यतो दुसऱ्या प्रकारच्या बँकेत, चालू खातं उघडून त्यात एका दिवसाच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाची बिलं, चुकत्या होतील एवढी रक्कम ठेवावी. दोन्ही खात्यांची चेकबुकं पेटीत असू द्यावीत. मी पाहतो, नव्या पिढीतल्या बऱ्याच दुकानदारांकडे चेकबुकच नसतं.

रोखीवर सगळा भरवसा ठेवता येत नाही, हेही सांगायला हवं. एका दिवसात एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हा आयकराचा नियम आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे "काय नाही, रोखीने करू" हे लहान पट्टीला चालेल, गाडीभर तुरीच्या व्यवहाराला चालणार नाही. शेतकऱ्याला त्या दिवशी काय देणार, चेक की चिठ्ठी, आणि चिठ्ठी दिली तर ती किती दिवसांत वटणार, हे आडत्यांनी आपसात बसून आधी ठरवावं. समितीच्या शिक्क्याची, अनुक्रमांक छापलेली चिठ्ठी असेल तर शेतकऱ्याच्या हातात काहीतरी राहतं. नुसत्या तोंडी शब्दावर त्याला घरी पाठवू नका. त्याला परतीच्या वाटेत खताचं बिल द्यायचं असतं.

यूपीआयचं तर आता रोजचंच आहे. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला ते देशभर अडखळलं. अशा वेळी किराणा दुकानात काय होतं? गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं, खात्यातून पैसे गेलेले दिसतात, दुकानातला स्पीकर मात्र बोलत नाही. मागे रांग. दोघंही खरं बोलत असतात आणि तरी वाद होतो. अशा प्रसंगात नियम काय सांगतो हे दुकानात लावून ठेवा. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचल्याची खूण आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ते पाच दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. हे ठाऊक असलं की भांडण निम्मं कमी होतं. ओळखीच्या गिऱ्हाइकाचं वहीत मांडा, व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्या. अनोळखी माणसाने दाखवलेल्या नुसत्या स्क्रीनशॉटवर मात्र माल सोडू नका, कारण अशा दिवसाची वाट बघणारे ठगही असतात.

आपल्या भागाला इंटरनेट जाण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक, रस्त्याची कामं. जेसीबीने केबल तोडली की अख्खी पेठ बंद. दुसरं, आंदोलनाच्या काळात प्रशासन इंटरनेट थांबवतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगरात ते झालं. कारणं योग्य की अयोग्य या वादात मी इथे जात नाही. पुन्हा असं होऊ शकतं, हे धरून चालावं. त्यात एक बारकावा आहे. मोबाईलचं नेट बंद असताना तारेचं कधी कधी सुरू असतं, आणि केबल तुटते तेव्हा मोबाईलचं चालतं. म्हणून दोन जोडण्या घेताना एक तारेची आणि एक सिमची घ्या. एकाच खांबावरून येणाऱ्या दोन कंपन्यांच्या तारा म्हणजे दोन जोडण्या नव्हेत. जेसीबीच्या एका घावात दोन्ही जातात.

आता कारखानदारांकडे येतो. जालन्याच्या स्टील उद्योगाने एका बाबतीत आपल्या सगळ्यांना शिकवावं. इंडक्शन भट्टी म्हणजे विजेवर लोखंड वितळवणारी भट्टी, तिचं कॉइल सतत पाण्याने गार ठेवावं लागतं. वीज गेली तरी आतला वितळलेला लोखंडाचा रस तापलेलाच असतो, आणि पाणी थांबलं तर कॉइल जळतं. म्हणून उंचावर आणीबाणीची टाकी किंवा डिझेलचा पंप ठेवतात. वीज गेल्यावर पाणी सोडायचं हे तिथल्या माणसाला मालकाला विचारावं लागत नाही. त्याने ते केलेलं असतं, हाताला सवय असते. तीच माणसं, तोच कारखाना, पण गेटवरच्या भंगाराच्या वजनाचा आणि बिलाचा संगणक बसला की सगळे हतबल होऊन उभे राहतात. भट्टीसाठी जी शिस्त आहे ती ऑफिसात का नसावी?

वाळूजच्या छोट्या वर्कशॉपांचं दुखणं वेगळं आहे. सीएनसी मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्राच्या, आत एक साधी बॅटरी असते. मशीन बंद असताना त्याची सगळी मांडणी, म्हणजे पॅरामीटर, ती बॅटरी धरून ठेवते. पडद्यावर "बॅटरी लो" असं येत असतं, ऑपरेटर ते रोज पुसून काम सुरू करतो. मग दिवाळीची सुट्टी लागते, मशीन आठवडाभर बंद राहतं, आणि परत आल्यावर मशीनला काहीच आठवत नाही. इंजिनिअर पुण्याहून येईपर्यंत ऑर्डर थांबते, आणि मोठ्या कंपनीच्या लाइनला माल वेळेत गेला नाही तर दंड. काही शे रुपयांच्या बॅटरीवरून हे घडतं. पॅरामीटर आणि प्रोग्राम कार्डावर काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदला, कारण बंद करून बदलली तर तीच आपत्ती ओढवते. पीएलसी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवणारा छोटा संगणक, त्याचंही तसंच. ज्याने बसवलं त्याच्याच लॅपटॉपमध्ये प्रोग्राम असतो, तो माणूस नोकरी सोडून गेला की प्रोग्राम गेला. बसवताना, शेवटचं बिल देण्याआधी, त्याची प्रत लिहून मागा. उद्योजक संघटनांनी हे दोन मुद्दे एका पानावर छापून प्रत्येक सभासदाला द्यावेत, एवढी माझी विनंती आहे.

जीएसटीच्या बाबतीत सरकारचीच यंत्रणा बसते, तेव्हा आपण काय करणार, असं पुष्कळ जण म्हणतात. १ फेब्रुवारी २०१८ ला ई-वे बिल, म्हणजे गाडीतल्या मालासोबत लागणारा ऑनलाइन कागद, सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी पोर्टल कोलमडलं, शेवटी १ एप्रिलपर्यंत पुढे ढकलावं लागलं, हे खरं आहे. पण आता पर्याय आहेत आणि ते आपल्याला ठाऊक नाहीत. जुलै २०२५ पासून ई-वे बिलाचं दुसरं पोर्टल चालू आहे. ई-इन्व्हॉइससाठी, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलासाठी, एकापेक्षा जास्त अधिकृत पोर्टल आहेत. वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या पुढे असणाऱ्याला दुसऱ्या जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावे करपात्र मालाचं बिल ई-इन्व्हॉइसशिवाय काढता येत नाही, म्हणून अशा प्रत्येकाने दुसऱ्या पोर्टलवर आजच लॉगिन करून बघावं, गाडी गेटवर उभी असताना नव्हे.

ओटीपीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसला सगळ्यांसाठी ओटीपी लागतो, आणि तो मालकाच्या मोबाईलवर येतो. मालक पंढरीच्या वारीत, किंवा ऑपरेशनसाठी दवाखान्यात, किंवा नुसते रेंज नसलेल्या शेतात. गाडी भरून उभी आणि बिल निघत नाही. सगळी यंत्रणा व्यवस्थित असताना धंदा एका सिमकार्डवर अडतो, तेव्हा तोही तांत्रिक बिघाडच समजावा. यावर उपाय आहे. त्याच पोर्टलवर मुनिमाच्या नावाने वेगळा सब-युजर करून त्याचा मोबाईल जोडता येतो. शिवाय एनआयसी-जीएसटी-शील्ड नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर नेट नसतानाही ओटीपी तयार होतो. मालकाचा पासवर्ड मुनिमाला कागदावर देण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

बॅकअपबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण सगळे ऐकून कंटाळले आहेत. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवला तर तो बॅकअप नाही. कायम खोचून ठेवलेला पेन ड्राइव्हही नाही, व्हायरस तिथेही पोचतो. एक प्रत रोज पेन ड्राइव्हवर घेऊन तो काढून घरी न्यावा, एक इंटरनेटवर, आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघावी. उघडून बघणं सगळ्यात महत्त्वाचं. वर्षभर रोज घेतलेला बॅकअप गरजेच्या दिवशी रिकामा निघाल्यावर मालकाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे.

आणि खरोखर हल्ला झाला, पडद्यावर पैसे मागणारी सूचना आली, तर पहिल्यांदा नेटची तार काढा. संगणक फॉरमॅट करू नका. आपल्याकडे गल्लीतला मेकॅनिक आला की पहिलं काम फॉरमॅटचंच करतो, त्याने पुरावाही जातो आणि वाचण्यासारखी माहितीही. पडद्याचा मोबाईलने फोटो काढा. कंपन्यांनी अशा हल्ल्याची खबर सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेला द्यायची असते, २०२२ पासून तसा नियमच आहे. पैसे लुबाडले गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. हे नंबर, सोबत महावितरणचा १९१२, बँक मॅनेजर, नेटवाला, टॅलीवाला, सीए, काट्याचा मेकॅनिक, सगळे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरच्या मागे चिकटवा. मोबाईलमध्ये आहेत म्हणू नका, मोबाईलही त्याच दिवशी जाऊ शकतो.

यंत्रणा परत आल्यानंतरच्या तासाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या अनुभवात हिशोबाचा सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. कागदावर लिहिलेले सौदे संगणकात चढवताना एक पट्टी दोनदा चढते, एक राहून जाते. अडकलेलं यूपीआय नंतर पोचतं आणि तेवढ्यात रोखही दिलेली असते. म्हणून कागदी पावत्यांवर छापील अनुक्रमांक हवेत, चढवलेल्या प्रत्येक पावतीवर चढवणाऱ्याची सही हवी, आणि त्या संध्याकाळी एका माणसाने चढवावं, दुसऱ्याने पडताळावं. लक्ष्मीपूजनाला आपण नवी वही आणतो, पहिल्या पानावर श्री लिहितो, हळदकुंकू वाहतो, आणि मग ती कपाटात जाते. त्याच वहीची पुढची पानं आखून ठेवली, तारीख, नाव, माल, वजन, भाव, रक्कम, सही, तर अशा दिवशी ती खरोखर उपयोगी पडेल.

आपण म्हणाल, एवढं सगळं कोण करणार? मोठ्या दालमिलला परवडेल, तालुक्याच्या मोंढ्यातल्या छोट्या आडत्याला नाही. म्हणूनच हे पत्र एकेकट्या दुकानदाराला न लिहिता आपल्याला लिहिलं आहे. अनुक्रमांकाची पावती पुस्तकं समितीने छापावीत. आवारात सिमवर चालणारं एक सामाईक नेट, एक जनरेटर आणि एक जास्तीचा चालू संगणक समितीने ठेवावा. भुईकाट्याच्या माणसाला हाताने पावती लिहिण्याचं प्रशिक्षण समितीने द्यावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, त्यानंतर आपण टँकर, टाक्या, बोअर सगळ्यांचा हिशोब घराघरांत लावायला शिकलो. पाणी संपू शकतं हे आपण मान्य केलं होतं. सर्व्हर बंद पडू शकतो हे तसंच मान्य करायला हवं.

सराव कसा घ्यावा याबद्दल माझी सूचना अशी. जून किंवा जुलैमधला, आवक कमी असलेला दिवस निवडा. आठवडाभर आधी नोटीस लावा, म्हणजे शेतकरी नाडला जाणार नाही. सकाळी अकरा ते दोन नेटचा राउटर आणि संगणक बंद. सभापतींचा आणि सचिवांचा फोनही तेवढा वेळ बंद ठेवा. ही अट विचित्र वाटेल, पण खऱ्या दिवशी नेमका तोच फोन लागत नाही. मग बघा काट्यावर पावती लिहिली जाते का, सौद्याचा भाव सगळ्यांपर्यंत कसा पोचतो, पट्टी हाताने कोण काढतं, मुनिमाला तोलाई आणि हमाली जोडून हिशोब कॅल्क्युलेटरवर जमतो का. पहिल्या वर्षी फजिती होईल. होऊ द्या. कुणावर कारवाई करू नका, फक्त काय अडलं ते लिहा, आणि ती यादी पुढच्या बैठकीत वाचा. हमाल आणि मापाडी यांनाही त्या बैठकीला बोलवा. अडचण कुठे होती हे त्यांना आपल्याआधी दिसलेलं असतं. कारखान्यांनी हाच सराव साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या पाळीत घ्यावा, म्हणजे उत्पादनाला धक्का कमी.

यंदाचा जून हातातून गेला असेल तर सरावासाठी पुढच्या वर्षाची वाट बघा, पण अर्ध्या तासाच्या ठरावासाठी बघू नका. तो एका पानाचा आहे आणि पुढच्या मासिक बैठकीत होऊ शकतो. मसुदा मी लिहून ठेवला आहे. जी समिती किंवा संघटना मागेल तिला विनामूल्य देईन, आणि सरावाच्या दिवशी बोलावलं तर लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणी कुठेही स्वखर्चाने येऊन मदत करेन. जालना, हिंगोली आणि संभाजीनगर भागात माझ्यासारखी कामं करणाऱ्यांनीही पुढे यावं, अशी त्यांना या पत्रातून विनंती करतो.

बैठकीची तारीख ठरली की आवारातल्या फलकावर लावावी.

आपला,
लातूर भागातील एक संगणक व करसेवा व्यावसायिक